मुंगीचं आम्ल

९ ऑक्टोबर

तीर्थरूप आईस,
नमस्कार. मी बरी आहे. पट्टी निघाली. उजव्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो. धाकट्याची बायको माझ्याजवळच आहे. तिचा हात अजून गळ्यात आहे, पण एका हातानं चहा करते आणि दोन हातांचा पसारा घालते.

"एका बाटलीला किती मुंग्या माराव्या लागतात, बाबा?" धाकट्यानं लहानपणी विचारलेलं हे हल्ली सारखं आठवतं. बाबा रंगाच्या हौदाशी उभे राहून आम्हाला सांगत होते, की लोकरीला रंग धरावा म्हणून आपण घालतो त्या फॉर्मिक अ‍ॅसिडचं नाव लॅटिनमधल्या मुंगीवरून आलंय. पूर्वी मुंग्या ठेचून, उकळून, वाफ धरून ते काढत.

"जिवंत?" मी विचारलं.

"चावा तिचा, म्हणून नावही तिचं," बाबा म्हणाले.

तू हसलीस. "पोरगा धंद्याचं विचारतो, पोरगी डोळे भरते." संध्याकाळी त्यानं भिंतीकडेचं वारूळ विटेनं ठेचलं. तू त्याचे हात धुतलेस.

परवाच्या त्या दिवशी धाकटा बायकोला केसांना धरून हौदाच्या काठावर आपटत होता. हाड मोडल्याचा आवाज तूही ऐकलास. मी तिला ओढत दाराकडे निघाले, तर त्यानं अ‍ॅसिडचा कॅन उचलला. झाकण फिरवून काढलं, आई. हातातून निसटलेल्या कॅनचं झाकण कोण फिरवून काढतं? गालाची कातडी माझ्याच बोटांना चिकटून आली.

मग तू धावलीस. जमिनीवर अ‍ॅसिड सांडलं की आपण धुण्याचा सोडा टाकतो, तसा माझ्या तोंडावर टाकलास. पाणी हवं होतं. सोड्यानं भाजणं वाढलं, असं डॉक्टर म्हणाले. वाढू दे. तो हात मला वाचवायला आला होता, कोर्टातही मी हेच सांगेन.

मावशी सांगत होती, त्याचा वकील तुला म्हणतो, "बाई, डोळा तुमच्या सोड्यानं गेला." म्हणूनच ना तू जबाबात कॅन निसटला म्हणालीस? की तो तुझा मुलगा म्हणून?

गुरुवारी तुझी साक्ष. तो सुटला तर आधी हिला न्यायला येईल. "दुसरा कॅन भरलेला आहे," असा निरोप त्यानं धाडलाय. ती दाराला खुर्ची लावून झोपते.

माझी बाजू घेऊ नकोस. त्याला वाईटही म्हणू नकोस. जे पाहिलंस तेवढं बोल. तू बोलणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी मागते.

अजून तुझीच,
थोरली