सलिमाच्या इर्जिकीचं जेवण

मुंबई, दसऱ्यानंतरचा सोमवार, १९४४

धाकट्या अंबूला थोरल्या राहीचा आशीर्वाद. आमी दोघी बऱ्या हाय. अक्षर वाकडं दिसलं तर मान वाकडी करून वाच.

शेजारीण म्हणून सलिमासंगं आले, ते बरं झालं. तिच्या छातीतल्या गाठीला दवाखान्यात रोज विजेचा शेक देत्यात. अजून बारा ऱ्हायल्यात. दोन घासांवर जेवण जात न्हाई, पण तोंड चालतंय. गिरणीतल्या आपल्या गावच्या गड्यांनी आमाला खोली दिली आन् आपण जिन्याखाली निजत्यात. भली माणसं, पण घोरत्यात लय.

तुजं पत्र तिला वाचून दाखवलं. गावानं इर्जिक करून, समद्यांनी मिळून बिनमजुरीनं औतं जुपून तिचं रान पेरलं, हे ऐकून रडंल वाटलं, तर बाईनं गठुडं बांधलं! म्हणाली, "राहीआक्का, ज्याचं रान त्यानं इर्जिकीला जेवण घालायचं. माणसं राबून उपाशी गेली. मी चालले घरला."

मी म्हटलं, "जा की. शेक अर्धा सोडून जा, आन् लोकांस्नी जेवायला न्हाई, मयताला बोलाव."

तवा बाईनं गठुडं सोडलं.

तिच्या वतीनं तू जेवण घालतीस म्हणालीस. तुजं मन मोठं, पण चूल पेटवू नगंस. त्या जेवणापायीच ती सकाळी शेकाला उठती. गावाला सांग, दम धरा, सलिमाच वाढील.

माज्या नातीचा खोकला गेला का?

आन् रानात माणसं किती होती, ते नक्की कळव. पीठ किती दळायचं, म्हणून सलिमा रोज इचारती.

तुजी आक्का,
राही