डाव्या बाजूला कोण होतं

बारानोआ,
१४ सप्टेंबर

प्रिय एव्हेलियो,

तू, मिर्ता आणि मुलं सुखरूप असाल. इकडे सगळं ठीक आहे. ऊन नेहमीसारखंच डोकं फिरवतंय. गोळ्या मी वेळेवर घेतो. नुरिसने मीठ तोडलंय आणि चौकातल्या सॉसेजवाल्याकडे नुसतं बघायलाही मला बंदी आहे. आपली बहीण लग्न न करता राहिली म्हणून आई झुरायची, पण खरं सांगू, तिच्या नवऱ्याचं काय झालं असतं या विचारानेच मला घाम फुटतो.

अक्षर पाहून हसू नकोस. मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून मला डावीकडचं दिसत नाही. डोळे दोन्ही धड आहेत, डॉक्टर म्हणतात, पण नाकाच्या डावीकडचं जग आत पोचतच नाही. ताटातला तिकडचा भात तसाच राहतो. "दादा, तो काय उंदरांसाठी ठेवलायस?" असं म्हणून नुरिस ताट फिरवते. या कागदाच्या डाव्या कडेलाही तिने लाल रेघ ओढून दिली आहे. रेघ सापडेपर्यंत मान वळवायची आणि मग ओळ सुरू करायची. त्यामुळे एका पानाला मला अख्खी सकाळ लागते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या आठवड्यात तू नुरिसला फोन केलास आणि माझ्यासाठी निरोप दिलास. तिने तो मला जसाच्या तसा सांगितला. "दादाला सांग, माझ्या मनात काही नाही. त्याच्या आंधळ्या बाजूला उभा राहून हात पुढे करणारा मीच गाढव. त्या बिचाऱ्याला दिसणार कसं?" सांगताना नुरिसचे डोळे भरून आले होते. मी मान हलवली आणि कॉफी मागितली. तिने आल्याची कॉफी दिली, मी ती प्यायलो, आणि तुझी माफी खिशात घालून गप्प बसलो. आठवडाभर गप्प आहे.

तुझा फोन येण्याच्या थोडं आधी मी बारांकियाला गेलो होतो. इस्पितळातल्या डॉक्टरनेच पाठवलं होतं. तिथे एका विद्यापीठात माझ्यासारख्या अर्धवट दिसणाऱ्यांवर काही अभ्यास चालतो. यादिरा नावाची पोरगी आहे, अजून शिकतेच आहे, पण बोलायला माझ्या बसवरच्या कंडक्टरांसारखी तिखट. तिने डोक्यावर तारांची टोपी चढवली, तळहाताला चिकटपट्टी लावली आणि पडद्यासमोर बसवलं.

"काका, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. चित्रं डावीकडे येतील. चांगलं की वाईट, एवढंच सांगायचं."

"पोरी, डावीकडे हत्ती आणून उभा केलास तरी मला दिसायचा नाही. सांगू काय?"

"मग ठोकून द्या. लॉटरीला नंबर लावतात तसं."

दिली ठोकून. चांगलं, वाईट, वाईट, चांगलं. मला काळोखसुद्धा दिसत नव्हता, काहीच नव्हतं. वाटलं, दुपारच्या जेवणाची बोली आहे म्हणून बसायचं झालं. शेवटी तिने कागद काढला आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. खुर्च्या, झाडं, घरं यांत मी फसलो होतो, आंधळ्याने दगड मारावेत तसा. पण माणसांचे चेहरे आले की, रडणारे, भ्यालेले, चिडलेले, तिथे बहुतेक वेळा बरोबर. तिने आपल्या सरांना बोलावलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"रडणारा चेहरा आला की तुमच्या तळहाताला घाम येतो, काका. तुम्हाला काही कळायच्या आत," ती म्हणाली. मग तिने समजावून सांगितलं. डोळ्यांतून मेंदूत जायचा मोठा रस्ता माझा वाहून गेलाय, पण मागून एक जुनी गल्ली आहे. अरुंद आहे. तिथून झाड नेता येत नाही, नाकडोळे नेता येत नाहीत, पण कुणाचं दुःख, कुणाची भीती तेवढी जाते. धडधाकट माणसांतही ती गल्ली असते म्हणे. नजरेच्या अगदी कडेला, जिथे चेहराही नीट ओळखू येत नाही, तिथेही कोणी रडत असेल तर मेंदू दखल घेतो. मी उभा जन्म कार्ताहेनाला जाणाऱ्या कोर्दियालिदादच्या रस्त्यावर बस चालवली. हे मला नवीन नव्हतं. मागे आरशाच्या कडेला एखादी बाई नुसती रुमालाने डोळे टिपत बसली असली, तरी मी गाडी खड्ड्यातून हळू काढायचो.

"घरच्यांना सांगा, डावीकडून आता तुम्हाला कोणी फसवू शकत नाही," यादिरा म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो. परतीच्या बसमध्ये मात्र मी तळहात पुन्हा पुन्हा विजारीला पुसत होतो.

एव्हेलियो, आई गेल्यावर घरात नऊ दिवस प्रार्थना चालली, तिच्या नवव्या संध्याकाळी तू माझ्या डावीकडे येऊन उभा राहिलास ते मला कळलं होतं.

शेवटची प्रार्थना संपत आली होती. बायका एका सुरात पुटपुटत होत्या, अंगणात पुरुष डॉमिनोच्या सोंगट्या आपटत होते. तू काही बोलला नाहीस. माझ्या डाव्या अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याच क्षणी ठाऊक होतं की हे रडू माझं नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून रडतंय. आईनंतर असं आवाज न करता रडणारा या घरात तूच उरला होतास. शेवटच्या प्रार्थनेनंतर घरातल्या वेदीवरचा पांढरा कपडा आपण तिघा भावंडांनी मिळून उचलायचा असतो, त्यासाठी तू मला न्यायला आला होतास. हात पुढे केला होतास, हे मला नंतर नुरिसने सांगितलं. पण तो केलेला असणार हे मला तेव्हाच कळत होतं. मान एवढीशी वळवायची होती. मी पुढे मेणबत्तीकडे बघत राहिलो.

तू बाहेर निघून गेलास. आईचा कपडा नुरिसने दोन शेजारणींच्या मदतीने उचलला. दोन मुलगे घरात असताना. मग नुरिस सगळ्यांना सांगत सुटली, "त्याची ती बाजू मेली आहे हो, दिसलंच नाही त्याला," आणि म्हाताऱ्या बायकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवले. मी फिरवू दिले.

इथवर लिहून मी काल थांबलो होतो. पुरे झालं असं वाटलं. आज वाचलं तेव्हा लाज वाटली, कारण यादिराच्या त्या गल्लीआडून मी पुन्हा सुटायला बघतोय. मेंदूला कळलं पण मला नीट दिसलं नव्हतं, असं म्हणायची त्यात सोय आहे. तीही सोय मला नको.

नुरिसने प्रार्थनेच्या पहिल्या दिवसापासून माझी खुर्ची अशी ठेवली होती की दरवाजा उजवीकडे येईल, म्हणजे भेटायला येणारं माणूस मला दिसावं. शेवटच्या दुपारी ती म्हणाली, "एव्हेलियो निघालाय, अंधार पडायच्या आत पोचेल." ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी उठलो आणि खुर्ची फिरवली. दरवाजा डावीकडे घेतला. ती आली, तिने विचारलं तेव्हा म्हणालो, वारा लागतोय. ऑगस्टच्या उकाड्यात, बारानोआत, वारा. पण आजारी माणसाला कोण उलटून विचारतं?

मला तुला बघायचं नव्हतं आणि वर दोषही नको होता. माझा आजार मी त्यासाठी वापरला.

राग कशाचा होता तेही लिहितो. मी इस्पितळात पडलेला असताना तू आईला कार्ताहेनाला नेलंस. मी गावभर सांगितलं की कोंबडी उचलून न्यावी तशी माझी आई नेली. ते खोटं आहे. तेव्हा मला स्वतःला पाणी ओतून घेता येत नव्हतं, तिला कोण बघणार होतं? आणि जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या खाटेशी येऊन स्वतः सांगून गेली होती की ती आनंदाने जातेय. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. मला एवढंच सहन झालं नाही की जन्मभर ती माझ्याजवळ राहिली आणि शेवटचा घोट तुझ्या हातून प्यायली. मला हेवा वाटला, एव्हेलियो. या वयात, सख्ख्या भावाचा.

म्हणून तू पाठवलेली माफी परत घे. ती ज्याला दिसलं नव्हतं त्या माणसासाठी होती, आणि तसा माणूस त्या खोलीत नव्हता. मी नुरिसला आज सकाळी सगळं सांगितलं. तिने चुलीवरची कॉफी उतरवून ठेवली. मग म्हणाली, "दादा, मी साऱ्या गावाला तुझ्यासाठी खोटं सांगत फिरले." अजून नीट बोलत नाहीये. ताटही फिरवत नाही. मी समजून आहे.

येत्या रविवारी मी सकाळच्या बसने तुझ्याकडे येतोय. एकटाच. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मी पायरीवर थोडा बसेन आणि दुपारच्या गाडीने परत फिरेन, गावात कुणाला काही सांगणार नाही. उघडलंस तर मिर्ताला सांग, माझ्या सोयीसाठी उजवीकडे यायचं, तिकडे खुर्ची मांडायची, असलं काही करू नका. तू हवा त्या बाजूला उभा राहा. मान मी वळवीन.

तुझा भाऊ,
अनीबाल