लिंडन ब्रदर्सना ढोलकी चालत नाही

२ फेब्रुवारी, रविवार
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. सुनेनं, म्हणजे प्रांजलीनं, ही डायरी एक जानेवारीलाच दिली होती. आधी सर्दी झाली, मग चष्मा सापडेना, मग म्हटलं नव्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरू करू, तर काल नेमकी लाईट गेली. वाचणारा मीच आहे, त्यामुळे माफी मंजूर.

कारण मोठं आहे. लिंडन ब्रदर्सच्या पहिल्या रेकॉर्डला यंदा पन्नास वर्षं झाली. तीन गोरे भाऊ, तीन गिटार, बाकी काही नाही. वाळूजला कंपनीत होतो तेव्हा सेकंड शिफ्टच्या बसमध्ये रामहरी ड्रायव्हर त्यांची कॅसेट लावायचा. इंग्रजी कुणाला येत होतं? मी सातवी, संघपाल नववी, रामहरीनं शाळा लांबून पाहिलेली. पण तिघं मिळून गायचो. मी खालचा आवाज, रामहरी मधला, संघपाल वरचा. त्याचा वरचा आवाज निघाला की मागच्या सीटवर घोरणारे वेल्डरसुद्धा डोळे उघडायचे.

ठरलं. ९ मार्चला छावणीत, आपल्या समाज मंदिरात प्रोग्रॅम. आम्ही तिघं आणि माझी गिटार. वरचा आवाज नसला तर गाणं उभं राहत नाही, म्हणून संघपाल पाहिजेच. येईल. न येऊन सांगतो कुणाला.

उद्यापासून पहाटे प्रॅक्टिस.

३ फेब्रुवारी
प्रॅक्टिस नाही. बोटं आखडली होती.

९ फेब्रुवारी
संघपाल फोन उचलत नाही. तो बिडकीनला मुलीकडे, करुणाकडे असतो. का उचलत नाही ते मला माहीत आहे. रुसलाय. डिसेंबरात घरी आला होता, तेव्हा म्हणाला, ढोलकी घेऊ कचरू, मान्सं बसतील तरी. मी म्हटलं, लिंडन ब्रदर्सना ढोलकी चालत नाही. तर म्हणतो, तू काय त्यांचा चौथा भाऊ हायेस का? मफलर गुंडाळला आणि चहा अर्धा टाकून गेला.

बायको, केसरबाई, म्हणाली, बिडकीन काय लंडनला हाय का? बशीत बसा अन् जाऊन या. मी म्हटलं, रुसलेल्या माणसाकडे आपण होऊन गेलं की तो डोक्यावर बसतो. शिवाय माझा गुडघा. ती म्हणाली, गुडघ्याला काय झालं, काल तर पतंगावरून पोरांच्या मागं पळत होते.

मोठ्या मनानं व्हॉट्सअपवर बोलून मेसेज पाठवला. ढोलकी चालेल. पण हळू वाजवायची.

१० फेब्रुवारी
निळ्या खुणा आल्या. म्हणजे ऐकलं, आणि मुद्दाम बोलत नाही.

१६ फेब्रुवारी
प्रांजलीनं फोनवर आमचं गाणं शोधून लावलं. ऐकून डोकं फिरलं. आमचं गाणं जिथं संपतं त्याच्या पुढं हे चालूच राहिलं. आणखी एक अख्खं कडवं, मग शीळ, मग पुन्हा सुरुवातीची ओळ. मी म्हटलं, हे नंतर कुणीतरी घुसडलेलं आहे. ती म्हणाली, नाही बाबा, तुमच्या कॅसेटची टेपच तिथं संपली असेल. दुकानातून भरून आणली होती ना?

शहागंजातून भरून आणली होती हे खरं. पण पस्तीस वर्षं आम्ही ओळीच्या मध्येच थांबतोय. तीच पद्धत आहे. इतक्या माणसांनी बसमध्ये ऐकलं, कुणी तक्रार केली नाही.

संघपालला मेसेज केला, प्रांजली काय म्हणते ऐक आणि हसून घे. निळ्या खुणा. हसला की नाही ते कळवलं नाही.

२० फेब्रुवारी
करुणाचा फोन आला. बाबांना बरं नाही काका, एकदा येऊन जा. मी विचारलं, त्यानंच सांगितलं ना असं बोलायला?  ती म्हणाली, काका, ते नाही सांगू शकत.

पाहिलं? पोरीलाही सामील केलं. कंपनीत सुटी पाहिजे असली की हा माणूस पोट धरून बसायचा, आणि सुटी मंजूर झाली की कँटीनमध्ये भजी.

तरी आणखी एक पाऊल मागं घेतलं. मेसेज : गाणी तू निवड. मध्ये तू उभा राहा. समाज मंदिराच्या फळ्यावर तुझं नाव आधी लिहितो. याच्या पुढं काय देऊ, गिटार?

पहाटेची प्रॅक्टिस उद्यापासून संध्याकाळी ठेवतो. पहाटे गळा धरतो.

१ मार्च, दुपार
रामहरी आला होता. गावाकडं शेळ्या सांभाळतो आता, दाढी पांढरी झाली. येताना बिडकीनला उतरला होता. उभ्या उभ्याच म्हणाला, कचरूभाऊ, त्याची वाचा गेलीय. उजवी बाजू पडली. जानेवारीतच. तुला करुणानं सांगितलं नाय व्हय?

मी म्हटलं, तुला त्याची नाटकं माहीत नाहीत.

रामहरी म्हणाला, व्हय, नाटकच. नाकात नळी घालून नाटक करतोय.

चहा न घेताच गेला. हल्ली सगळे चहा न घेता जातात.

रामहरी पहिल्यापासून वाढवून सांगणारा. बस पंक्चर झाली तरी पूल पडला म्हणायचा.

४ मार्च
बिडकीनला जाऊन आलो. गुडघ्याला काही झालं नाही.

संघपालची तब्येत बरी आहे. वजन उतरलंय, ते चांगलंच, डॉक्टर कधीचे सांगत होते. नळी आता काढली आहे. तोंड जरा एका बाजूला झालंय, पण कपाळ तेच. मी प्रोग्रॅमचं सगळं समजावून सांगितलं, खुर्च्या, सतरंजी, माईक. तो बघत होता. मी विचारलं, येशील ना? तो हूं म्हणाला. म्हणजे हूंसारखं काहीतरी. हूं म्हणजे होकार.

करुणा म्हणाली, तुमचे मेसेज रोज लावते काका, त्यांच्या कानाशी फोन धरून. ढोलकीचा तर दोनदा लावायला लागतो, बोट करतात.

मी म्हटलं, मग रुसला नव्हता?

ती म्हणाली, तुमच्यावर? ती चहा ठेवायला आत गेली.

मग मी खालच्या आवाजात गाणं सुरू केलं. त्याचा वरचा आवाज येतो त्या जागेला थांबलो. बराच थांबलो. त्यानं डावा हात गोधडीवरून थोडा उचलला आणि खाली ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण करुणा म्हणाली ते आजारामुळं सारखंच येतं. मग त्याला झोप लागली. मी चहा घेतला. पूर्ण घेतला.

९ मार्च, रविवार, संध्याकाळ
प्रोग्रॅम झाला. समाज मंदिरात खुर्च्या भरपूर होत्या. रामहरी आला, अबोला सोडून. फळ्यावर संघपालचं नाव पहिलं होतं, ते पुसलं नाही. ऐकायला केसरबाई. पस्तीस वर्षांत तिनं या गाण्याला कावळ्यांची शाळा सोडून दुसरं काही म्हटलेलं नाही. आम्ही दोघांनी म्हटलं. संपल्यावर ती म्हणाली, झालं? मी म्हटलं, व्हय. ती पदर सारखा करत म्हणाली, पण वरचं तर काहीच नव्हतं की.

रामहरीनं खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या. मी मदत केली नाही.

संघपाल, हे मेसेजमध्ये बोलायला गेलो तर जमेना, म्हणून इथं लिहितोय. उद्या जमलं की पाठवतो. गाणं राहू दे. ढोलकी, मधली जागा, काही धरून बसू नको. डावा हात चालतो तुझा, मी पाहिलाय. करुणाचा फोन घे, माझ्या नावावर बोट ठेव. एक रिंग वाजली तरी मला समजेल, मी उचलणार नाही. तेवढं कर बाबा. लवकर कर.