शटडाऊनचा मुहूर्त

१२ एप्रिल
पत्रिका छापून आल्या आणि मेल्यांनी कागद मिलचा शटडाऊन पुढे ढकलला! शाळेच्या वह्यांची मोठी ऑर्डर आलीय म्हणे. आता आमच्या स्वरूपाचं लग्न लावायचं कसं? मुलीचा बाप बॉयलरवर, नवरामुलगा संपत टर्बाइनवर. दोघांनाही रजा नाही.

या कॉलनीत लग्नं होतात ती शटडाऊनमध्येच. एरवी बॉयलर थांबतोय कुठे? त्याच्या वाफेवर आधी वीज करायची, मग त्याच वाफेवर कागद वाळवायचा – बाईसारखीच दुहेरी राबते बिचारी! आमचे पंतुलू भटजीसुद्धा आधी गेटवरचा बोर्ड बघतात, मग पंचांग.

१४ एप्रिल
ह्यांना म्हटलं, साहेबांकडे शब्द टाका. तर म्हणे, "काय सांगू बॉयलरला? माझी पोर उजवायचीय, जरा कोळसा खाऊ नकोस?" ताक प्यायले आणि घोरायला लागले!

शेजारची लच्चव्वा म्हणते, "अक्का, ओदेलन्ना नाही आले तर त्यांची टोपी ठेव पाटावर. कन्यादान टोपी करील." हसले. मग न्हाणीत जाऊन रडले. एकुलती एक पोर, आणि तिचं कन्यादान बापाविना?

२० एप्रिल
कोळशाच्या ढिगामागे मैसम्मेचं देऊळ आहे, तिथे नवस बोलले. लग्नापुरता बॉयलर थांबव, आई. डोक्यावर बोनम, नैवेद्याचं मडकं, घेऊन येईन, कोंबडा देईन.

२८ एप्रिल
थांबणार! थांबणार!! ह्यांनीच येऊन सांगितलं. ऑर्डर पुरी होऊन गेली म्हणे, लग्नाआधी बॉयलर विझवणार. मी नाचायचीच बाकी राहिले. हे मात्र पायरीवर बसून होते, बूटसुद्धा काढले नाहीत. "दमलोय," म्हणाले. माणसाला आनंद म्हणून करता येत नाही!

स्वरूपाला सांगितलं तर गळ्यात पडली, सोडेचना. सासरी जायचं ते दोन गल्ल्या पलीकडे, आणि रडतेय कशी!

लच्चव्वाला म्हटलं, बघ माझ्या नवसाची ताकद. कॉलनीभर सांगत सुटले.

६ मे
काल बॉयलर विझवला. किती शांत! आपणच बहिरे झालो की काय असं वाटतं. हे उशिरा आले. जेवले नाहीत.

८ मे
लागलं लग्न! पाय मोडून आलेत, तरी लिहितेच.

ह्यांनी संपतचे पाय धुवायला घेतले ते धूतच राहिले. त्याचे दोस्त ओरडले, "मामा, पाय आहेत ते, बॉयलर नाही. पुरे!" सगळा मांडव हसला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. संपतनं वाकून ह्यांचा हात धरला आणि धरूनच ठेवला. गुणी पोरगा आहे. जिरं-गूळ एकमेकांच्या डोक्यावर ठेवताना स्वरूपा माझ्याकडेच बघत होती. मिलची वीज नाही, सरकारी लाइन दोनदा गेली, पंखे बंद, सगळे घामाघूम. बगारा भात मात्र पुरला. मी इतकी हसले की गाल दुखतायत.

११ मे
नवस फेडला. कोंबडा महाग पडला, पण दिला.

१६ मे
गेटवर नोटीस लागली. मिल कायमची बंद. बॉयलर आता पेटणार नाही.

मी ऊर बडवून घेतला. मीच मागितलं होतं, मीच! ह्यांनी दोन्ही हात धरले. "वेडी का तू? मैसम्मेनं काही केलं नाही. शटडाऊन पुढे ढकललाय म्हणून साहेबांनी आम्हाला झुलवत ठेवलं. शेवटी मला आणि संपतला बोलावून खरं सांगितलं, आणि तोंड बंद ठेवायला लावलं. संपत त्याच दिवशी म्हणाला, मामा, आता माझ्याकडे नोकरी नाही, मुलगी देऊ नका. मी स्वरूपालाच विचारलं."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यालाच नवरा करीन. फक्त अम्माला सांगू नका, बापू. तिला हसत लग्न लावू दे."