तू मागं बसलीस की येणारा आवाज

आये, तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेली पत्रं तुला मीच वाचून दाखवायचो. मग हे कागद काळे करून उपयोग काय, ते मलाही कळतं. तरी लिहितोय. तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता मोठा झालोय, तेव्हा एवढं ऐकून घे.

आपली फटफटी आठवते? सोलापुरात मिलिटरीच्या लिलावात निघालेली, दोन हात बदलून माझ्याकडं आलेली. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो, गावोगाव लस टोचत हिंडायचो. खंडोबा थंडीतल्या दोन महिन्यांच्या मुक्कामाला अणदूर सोडून नळदुर्गाला गेला की दर रविवारी तुला मागं बसवून दर्शनाला न्यायचो. तू काष्टा घट्ट खोचून गड्यासारखी दोन्हीकडं पाय टाकून बसायचीस. पारावरची माणसं दात काढायची. एकानं विचारलं, "मावशे, लगाम कुठाय?" तू म्हणालीस, "माझ्या लेकाच्या हातात हाय. तुजा बायकूच्या हातात हाय न्हवं?" सगळा पार हसला, तोही हसला. मला तर वाटलं, अशी आई पंचक्रोशीत कुणाला नाही.

त्याच थंडीत तो आवाज सुरू झाला. टिक्, टिक्, मधेच जरा थांबून पुन्हा टिकटिकटिक. इंजिनाच्या उजव्या अंगानं यायचा. मी एकटा असलो की इंजिन कसं साफ, एका लयीत. तू बसलीस की पाच-दहा मिनिटांत टिकटिक हजर! मी टॅपेट बघितले, साखळी ताणली, सगळे बोल्ट आवळले. मिस्त्रीकडं नेली. त्यानं इंजिनाला पेचकस टेकवून त्याच्या मुठीला कान लावला आणि म्हणाला, "काय बी न्हाय. लई ग्वाड चाललंय." मग मी ठरवलं की वजनानं मागचं काहीतरी घासतंय. तुला तसं म्हणालो तर तू उसळलीस. "म्या काय ज्वारीचं पोतं हाय व्हय रे?" मग मी खरंच ज्वारीचं पोतं मागं बांधलं आणि नळदुर्गापर्यंत जाऊन आलो. आवाज नाही! तू पोट धरून हसलीस. "बघ, पोत्याचं तुज्या गाडीला काय न्हाय. माज्याशीच वैर हाय तिचं."

मला तेव्हा ईर्षाच चढली होती. पुढच्या रविवारी मिस्त्रीला गाडीवर बसवलं, मागं तुला, आणि मी शेजारून पळत निघालो. म्हटलं, आज ही टिकटिक कुठून येते ते डोळ्यांनी बघतोच. खालच्या आळीच्या वळणापाशी आवाज सुरू झाला आणि मला दिसलं. तुझा उजवा पाय, पाय ठेवायच्या दांड्यावरून घसरला होता. बा गेल्यावरही तू न उतरवलेली जोडवी सायलेन्सरवर वाजत होती, आणि पावलाची कड त्या तापलेल्या नळीला टेकली होती. मी ओरडलो, "आये, पाय!" तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. तोंडावर हसू होतं तुझ्या. म्हणालीस, "काय झालं पायाला?"

कातडी पांढरी पडून निघाली होती, आये. वास येत होता. आणि तू विचारत होतीस, काय झालं.

घरी आणून तुला पडवीत बसवलं. थंडीनं पाय बधिर पडत्यात, हे तू दिवाळीपासून म्हणत होतीस, आणि मी "मोजे घाल" म्हणून मोकळा झालो होतो. आता लसीच्या पेटीतली सुई काढली. "डोळे मीट," म्हणालो. तू मिटलेस. जरा वेळानं म्हणालीस, "आरं टोच की, किती वाट बघू?" माझं टोचून झालं होतं. रक्ताचा थेंब पावलावर आला होता. तू डोळे उघडलेस, आधी थेंब बघितलास, मग मला. "रगतपिती?" एवढंच विचारलंस.

सोलापूरचे महारोगाचे डॉक्टर भले होते. गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील, पण बरं होईल, घरातच राहा, जवळ बसल्यानं काही होत नाही, असं त्यांनी तुझ्यादेखत सांगितलं. तू मान डोलावलीस आणि घरी येऊन अंथरूण, ताट, तांब्या बांधायला लागलीस. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, मुरुम गावच्या चांगल्या घरात. मी म्हणालो, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? तू म्हणालीस, "डॉक्टरच्या दारात सोयरं येत न्हाईत." पिकाच्या राखणीला म्हणून शेतातल्या खोपीत गेलीस ती गेलीसच. धाकटीला यातलं कधी काही सांगणार नाही, अशी माझ्याकडून खंडोबाची शपथ घेतलीस. मी काय करणार होतो? तुझ्यापुढं कधी कुणाचं चाललंय? इंजिन असतं तर खोललं असतं.

लग्न झालं. कन्यादान चुलता-चुलतीनं केलं. तुला ताप आहे असं सगळ्यांना सांगितलं. धाकटी मंडपात बसल्या जागेवरून सारखी दाराकडं बघत होती. ती गोष्ट तिनं कधी सोडली नाही. तू गेलीस तेव्हाही ती नीट रडली नाही. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की तिचं एक ठरलेलं, "कोसभर अंतर. ताप असला म्हणून काय झालं? पोटची पोर हुते की मी." आणि दर भाऊबीजेला मी खाली मान घालून करंजी खायचो.

परवा मी शपथ मोडली. ती आता थकलीय, आये, धाप लागते तिला. हा सल घेऊन ती गेली तर मला सोसवलं नसतं. सगळं सांगितलं. आवाज, सुई, खोप, सोयरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. मग एकच विचारलं, "माजी गाडी सासरी निघाली ती आपल्या शेतावरनंच गेली. तवा आय कुठं हुती?"

मी म्हणालो, "बांधावर उभी होती. तुझी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. तू मान खाली घालून बसली होतीस, तुला दिसली नाही." मग मात्र ती रडली, लहान पोरीसारखी. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

आये, मी तुला बघितलं नव्हतं. बैलांच्या पुढं कासरा धरून मीच चालत होतो, आणि आपलं शेत जाईपर्यंत माझी मान वर करायची छाती झाली नाही. नंतर तुला विचारायचीही झाली नाही.

उभी होतीस ना गं?