एका मिनिटाचं घर

झिंडेलफिंगेन,
१२ नोव्हेंबर २०१७

प्रिय इरा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आईने रविवारी जेवणाच्या टेबलाशी बसवून शिकवलेली बाराखडी अजून तुझ्या लक्षात असेल असं धरून चाललोय. अडलं तर मोठ्याने वाच, मोठ्याने वाचलं की तुला मराठी कळतं. फोन केला असता तर तू जर्मनमध्ये बोलली असतीस, मी मराठीत, आणि वाढदिवसाला होतं तसं दोन मिनिटांत ‘आल्झो...’, ‘बरं तर’, म्हणून दोघांनी ठेवून दिला असता. दोन वर्षं आपलं एवढंच चाललंय.

काल स्टुटगार्टला जाऊन तुझी फिल्म पाहिली. तुला कळवलं नव्हतं. दुपारचा खेळ, लहानसं थिएटर, माणसं तेवीस. मोजायची माझी सवय तुला ठाऊक आहे. शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरली होती, म्हणजे नाही पटलं तर गुपचूप सटकता यावं. खोटं कशाला सांगू, मनातून मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो.

आणि तुझी ती उम्म नादिर समोर आली. हेब्रॉनच्या दक्षिणेला उघड्याबोडक्या टेकडीवर तिचं दोन खोल्यांचं घर. परक्या सैन्याच्या हुकमाखाली जगणं म्हणजे काय, हे मी कित्येक वर्षं पेपरात वाचतोय. पण टँकर येईपर्यंत पाणी पुरवायचं म्हणून ही बाई भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळते, हे कुठल्या पेपराने मला दाखवलं नव्हतं. तिचा नवरा बांधकामाच्या परवानगीसाठी फाइल घेऊन हेलपाटे घालतो. आउसलेंडरबेहोर्डेत, परदेशी लोकांच्या त्या कचेरीत, नंबर घेऊन मीही तासन्‌तास बसलोय, व्हिसाच्या नावाने बोटं मोडलीयत, पण माझा नंबर शेवटी लागायचा तरी. त्याचा लागतच नाही. परवानगी नाही, म्हणून घर बेकायदा.

मग तू त्या सगळ्यांना एक मिनिट गप्प बसायला सांगतेस. पुढे एडिटिंगला लागते म्हणून खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवायची, ही तुमच्या धंद्यातली रीत. धाकटी नात हसू आवरायला नाक दाबून धरते. उम्म नादिर हात मांडीवर ठेवून ताठ बसते, फोटोला बसावं तशी. आणि पुढच्या दृश्यात घरच नाही. विटांचा ढीग, शेजारी तंबू. तू काही बोलत नाहीस, नुसते हेडफोन तिच्या कानांवर ठेवतेस.

इथे तू पडदा काळा केलास आणि तेच मिनिट आम्हाला ऐकवलंस. इरा, एकतीस वर्षं मी गाड्यांच्या आतला आवाज कमी करायचं काम केलं. कानांवरच माझं पोट चाललं. त्या अंधारात मला खोली ऐकू आली. छत काँक्रीटचं, खिडकी उघडी, उजव्या हाताला फ्रिज, त्याचा कॉम्प्रेसर म्हातारा झालेला. बाहेर कोंबड्या, आत कुठेतरी किटलीची खदखद. कुणाचं तरी नाक चोंदलेलं. पाडून टाकलेलं घर माझ्याभोवती जसंच्या तसं उभं होतं! मग चित्र परत आलं, तर हेडफोन लावून तंबूत बसलेली उम्म नादिर लगबगीने उठायला गेली आणि खाली जर्मन अक्षरं आली: “किटली उकळतेय, गॅस बंद करा कुणीतरी.” तेवीसपैकी एकही माणूस हललं नाही. मी हात जोडून बसलो होतो, हे मला दिवे लागल्यावर कळलं.

आईच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात तू या फिल्मसाठी बॅग भरलीस, तेव्हा मी म्हणालो होतो की तुला घरच्यांपेक्षा परकी माणसं जवळची. ऑफिसात कुणी विचारलं तर काय सांगू, या देशात हा विषय काढायची तरी सोय आहे का, असंही बोललो. आज लाज वाटते. माझ्या पोरीच्या हातून एवढं मोठं काम होणार होतं आणि मी दारात आडवा उभा होतो. मला माफ कर, बाळा.

आता घरची बातमी. महिनाअखेर मी निवृत्त होतोय आणि पुण्याला परत जातोय. तीस तारखेला उबरगाबे, म्हणजे घराचा ताबा द्यायचा. सकाळी दहाला घरमालकीण किल्ल्या घ्यायला येईल. खोकी भरून झाली. बैठकीच्या खोलीतल्या दोन खुर्च्या तेवढ्या अजून हलवलेल्या नाहीत, हलवायला हात धजत नाही.

तू रेकॉर्डर नवा घेतलास तेव्हा पहिलं मिनिट याच खोलीत घ्यायचं म्हणालीस, आठवतंय? आई खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसली, हात मांडीवर, थेट उम्म नादिरसारखी. अर्धं मिनिट झालं नाही तोच मी मोठ्याने म्हणालो, एवढी शांतता तर आमच्या गाडीत मिळते, त्याला मशीन कशाला! आई म्हणाली, “अहो, गप्प बसा ना जरा,” आणि स्वतःच हसत सुटली. वाया गेलं म्हणून तू वैतागून बटण दाबलंस. आईचे व्हिडिओ माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत ती कॅमेऱ्याकडे बघून बोलतेय. काही न करता आपल्या घरात नुसती बसलेली तुझी आई त्या अर्ध्या मिनिटाखेरीज कुठेच नाही. ते वाया गेलेलं तू पुसून टाकलं नसशील, तर तीस तारखेच्या आत घेऊन ये. या खोलीत, तिच्या खुर्चीसमोर बसवून मला एकदा ऐकव. या वेळी मी शेवटपर्यंत गप्प बसेन.

तुझाच,
बडबड्या बाबा