ताईच्या खुर्चीची चिठ्ठी

प्रिय ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकले की कंबर सरळ व्हायला अर्धा दिवस जातो, तेव्हा हा नमस्कार सकाळपासून चालू आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते विसरले, पण जो दुखत होता तो कसा आहे ते कळव, आणि दुसऱ्याचंही कळव, तो रुसायला नको. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, फक्त घरात बसायला जागा नाही. सगळ्या खुर्च्यांवर कागद पसरलेत. लोकांना बसायला जागा मिळावी म्हणून चाललेलं काम आहे हे, आणि आम्ही घरातले चार दिवस उभ्याने जेवतोय.

तू चार वर्षांत माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, तरी मी लिहिते. मला शाळा दोनच यत्ता मिळाली, पुढचं अक्षर तूच माझा हात धरून गिरवून घेतलंस, ते वापरलं नाही तर तुझीच मेहनत वाया जायची. थोरल्या नातवाच्या लग्नात तू आलीस, हॉलच्या खांबामागे लाउडस्पीकरवाल्यांच्या बाकावर बसलीस आणि न जेवता निघून गेलीस. का, ते आजपर्यंत तोंडातून काढलं नाहीस. मी तर माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी पर्स ठेवून धरली होती. दोघातिघांना हाकललं मी. एक बाई तर नुसती उभीच राहिली, हलेना, तिला म्हटलं, बाई, ही जागा धरलेली आहे, पुढे बघा. एवढं लढले मी त्या खुर्चीसाठी, आणि जिच्यासाठी लढले ती खांबामागे. आता पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला नातीचं लग्न आहे. सूनबाईने तुला फोन केला तर तू म्हणालीस, "बघू." तुझं "बघू" मला परकराच्या वयापासून माहीत आहे. "बघू" म्हणून तू आजवर काहीही बघितलेलं नाहीस.

तर मागच्यासारखा घोळ नको म्हणून मीच घरात जाहीर केलं, या वेळी प्रत्येकाच्या खुर्चीपुढे टेबलावर त्याच्या नावाची चिठ्ठी पाहिजे. ज्याची चिठ्ठी त्याची जागा, मग कुणी पर्स ठेवायला नको आणि कुणी खांबामागे जायला नको. नातीला इतका आनंद झाला की तिने माझा मुकाच घेतला. (ती दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे मुका घेताना माझी कवळी नीट बसलीय का तेही बघते.) म्हणाली, "आजी, छापून नाही आणायच्या. आपण घरी कापू. माझ्याकडे मशीन आहे."

ताई, ते मशीन पावाच्या डब्याएवढं आहे. मला वाटलं आत कात्री असेल. नाही. आत तांदळाच्या दाण्याएवढं पातं आणि एक पेन आहे, आणि ते नातीच्या मोबाईलचं ऐकतं. ती सोफ्यावर बसून बोट फिरवते आणि हे तिकडे टेबलावर आपोआप आधी लिहितं आणि मग कागद कापतं. वायर नाही, दोरी नाही, त्याला कळतं कसं हे मला चौघांनी सांगितलं आणि चारही वेळा मी मान हलवली. कागद आत जातो, बाहेर येतो, परत आत जातो. आमचे हे बाहेर पडताना करायचे तसंच. छत्री विसरली, आत. पाकीट विसरलं, आत. मी पहिल्या दिवशी तासभर नुसती बघत बसले आणि मला खरं सांगू का, बरं वाटलं.

पहिला घोळ माझ्याच हातून झाला. कागद सरकू नये म्हणून तो एका हिरव्या चटईवर चिकटवून आत घालतात. चटई कसली, जाड प्लास्टिकचा चौकोनी पत्रा. मी हात लावला तर चिकट. त्यावर दोरे, केस, कागदाचे कपटे. मनात म्हटलं, पोरगी कामावर जाते, हिला कुठला वेळ, आपण हातासरशी घासून टाकावी. भांड्याचा साबण घेतला, तारेची घासणी घेतली आणि अशी लख्ख केली की त्यात तोंड दिसावं. नात संध्याकाळी घरी आली, चटईवरून हात फिरवला आणि खाली बसली. तो चिकटपणाच कामाचा होता म्हणे. आता मला सांग, जगात अशी एक तरी वस्तू आहे का जी चिकट असली म्हणजे चांगली? मी तिला म्हटलं, रडू नको, चिकट करणं काही अवघड नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी पिठाची घट्ट खळ शिजवली आणि चटईला सारवली. कागद असा बसला की मशीनने कापला, आम्ही चौघांनी ओढला, पण तो चटई सोडेना. शेवटी चटईसकट टाकून द्यावा लागला. तिसऱ्या दिवशी मशीनमधून मुंग्या निघाल्या, एका रांगेत, आत जाऊन परत बाहेर. सूनबाई म्हणाली, "सासूबाई, याही बहुतेक मोबाईलचं ऐकतात." (तिची जीभ तुला माहीत आहे. मी मुंग्यांपुढे हळद टाकली.)

नवी चटई आली. मग नातीने सोनेरी कागदातून अक्षरंच कापून काढायचं ठरवलं. आपली अक्षरं वरच्या रेघेला धरून असतात म्हणून नाव अख्खं एका तुकड्यात निघतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं, फार गोड दिसतं. पण टिंबं सुटी पडतात. ती दात कोरायच्या आकड्याने एकेक टिंब उचलायची आणि पंखा लागला की सगळी उडायची. डाळीत टिंब, उशीवर टिंब. सूनबाई तर कपाळाला सोनेरी टिंब चिकटवून दिवसभर ऑफिसात फिरून आली आणि सगळे आज किती हसतायत म्हणून खूश झाली. तेव्हा ते सोडलं आणि पेनानेच लिहून घ्यायचं ठरलं.

आता जावई येतात. होणारे नातजावई जमीनमोजणीच्या कचेरीत आहेत, आम्ही त्यांना मोजणीदार म्हणतो. मोजके बोलतात, पण हॉलमध्ये टेप घेऊन गेले आणि दोन खुर्च्यांत किती बोटं अंतर ते लिहून आणलं. त्यांनी मला विचारलं, "आजी, पाहुण्यांना तुम्हीच ओळखता. कोण कुठे बसेल तेवढी यादी द्याल का?" ताई, मला आजवर कुणी यादी मागितली नव्हती. मी दोन दिवस बसून चौऱ्याऐंशी माणसं लिहिली, आणि नुसती नावं लिहून कुणाला काय कळणार, म्हणून प्रत्येकापुढे त्याची खूण लिहिली. मोजणीदारांनी यादी घेतली आणि नातीच्या मशीनमध्ये घातली. आणि इथे त्यांच्या कचेरीची रीत आडवी आली. तिथे जुन्या कागदावर जे असेल ते अक्षर न अक्षर उतरवायचं, आपल्या मनाने काही गाळायचं नाही, गाळलं तर कोर्टकचेरी होते. त्यांनी गाळलं नाही.

रविवारी विहीणबाई (मोजणीदारांच्या आई, वाचनालयात असतात) चिठ्ठ्या दुमडायला मदतीला आल्या. मशीन सकाळपासून चालू होतं, चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता, वर नाजूक पानाची नक्षी, आणि पेनाचं अक्षर असं सुरेख की मला वाटलं मी उगाच दोन यत्ता शिकले, हे मशीन तर एकही शिकलेलं नाही. मी हौसेने पहिलीच उचलून वाचली. "शिंपीकाका. डावा कान गेला आहे, उजवीकडे बोलकं माणूस द्यावं." मला वाटलं ही माझी यादीच आहे. दुसरी उचलली. "पोस्टमास्तर. जेवताजेवता झोपतात, भिंतीकडेला ठेवावं." तिसरी, "मोठी मामी. हिला वाढून घ्यायला लावू नये, बाकीच्यांना उरत नाही." तोवर मला काही कळेना की माझ्या मनातलं मशीनला कुणी सांगितलं. आणि तेवढ्यात विहीणबाईंच्या हातात त्यांची स्वतःची चिठ्ठी आली. त्यांनी ती शांतपणे मोठ्याने वाचली. "विहीणबाई. अजून कळलेल्या नाहीत. लांबून बघावं."

मशीन मात्र पुढची चिठ्ठी कापत राहिलं. नात मोजणीदारांकडे बघायला लागली. "तुम्ही हे टाईप केलंत? आईबद्दलचं?"

"यादीत होतं," मोजणीदार म्हणाले.

मी तोंडाला पदर लावला. विहीणबाईंनी चष्मा पुसला, परत वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. मला तरी तुम्ही कुठे कळलायत? मी तुमच्याबद्दल हेच लिहिलं असतं, फक्त जरा जवळून बघून." आणि ती चिठ्ठी त्यांनी पर्समध्ये टाकली, परत दिलीच नाही. मग आम्ही दोघींनी मिळून राहिलेल्या सगळ्या वाचल्या आणि हसून हसून त्यांच्या पोटात दुखायला लागलं. चांगली बाई आहे. लांबून बघण्यासारखं काही नाही.

अर्थात सगळ्या चिठ्ठ्या परत कराव्या लागल्या, नुसत्या नावांच्या. आता मोठी मामी नुसतीच मोठी मामी आहे आणि कुणाला काही सूचना नाही, त्यामुळे वाढताना काय होईल ते माझ्या डोळ्यांपुढे दिसतंय. त्र्याऐंशी झाल्या आणि पातं तुटलं. नेमकी तुझी राहिली. दुकानदार म्हणतो तसलं पातं आता मिळत नाही. त्यामुळे जुन्या ढिगातली, माझ्या शब्दांची, अशी तुझीच एक चिठ्ठी उरली, ती या पाकिटात ठेवली आहे. तूच वाच, मी वाचून दाखवणार नाही.

बाकी यायचं की नाही ही तुझी मर्जी. मी आग्रह करत नाही. गुडघ्याचा प्रश्न असतो हे मला कळतं. मी अगदी मजेत आहे आणि रात्री झोपही लागते.

तुझी,
धाकटी

ता. क. हॉलच्या दारावर माणूस उभा असणार आहे, चिठ्ठीशिवाय कुणालाच आत बसवणार नाही. तुझी चिठ्ठी तुझ्याकडेच आहे, दुसरी होणं नाही. म्हणजे तू ती घेऊन आली नाहीस तर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहील आणि सगळं टेबल वाकडं दिसेल. मोजणीदारांनी मापं घेतलीत, त्यांना वाईट वाटेल.

ता. क. दुसरं. नात मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय, "आजी, खरं लिही." दारावर माणूस नाही. पातंही ठीक आहे, मीच तिला तुझी चिठ्ठी करू नको म्हटलं.

ता. क. तिसरं. नात आता झोपायला गेली. यादी करताना मी थोरल्याच्या लग्नाचे फोटो काढून बसले होते, कोण कोण आलं होतं ते आठवायला. त्यात एक फोटो आहे. मी खुर्चीवर, शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स, माझा चष्मा मांडीवर, कारण फोटोवाला म्हणाला होता काच चमकते, आणि मी हात वर करून एका बाईला सांगतेय की पुढे बघा. बाईच्या अंगावर निळी शाल आहे. ती शाल मीच तुला दिली होती. चार वर्षं मी लोकांना सांगत फिरले की ताई माझ्यापर्यंत आलीच नाही. तू तोंड उघडून "अगं, मीच" एवढं म्हणाली असतीस तर, पण तू कशाला म्हणशील, तू ताई आहेस.

ता. क. शेवटचं. तू पाकिटातली चिठ्ठी वाचली नसशील हे मला माहीत आहे, तू "बघू" म्हणून बाजूला ठेवली असशील. म्हणून मीच लिहिते. तिच्यावर असं आहे, "ताई. माझ्या उजव्या हाताला. हिची जागा कुणालाही देऊ नये." ती घेऊन ये. फोटोवाल्याला मी आधीच सांगून ठेवलंय, काच चमकली तर चमकू दे, या वेळी चष्मा नाकावरच राहील.